प्लेगच्या लसीचे जनक वाल्डेमार हाफकिन

मुंबईत परळ येथे हाफकिन संस्था आहे. पोलिओच्या थेंबांच्या किंवा सर्पदंशावरील औषधाच्या शिशीवर हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. ज्या गृहस्थाचे हे नाव, त्यांच्याविषयी मात्र फार थोड्यांना माहिती असते. ते इंग्रज नव्हते. ते वैद्यकाची पदवी घेतलेले डॉक्टरही नव्हते. ते रशियाच्या राज्यातील एक यहूदी प्राणिशास्त्रज्ञ होते. आपल्या देशातील लाखो लोकांचे प्राण त्यांच्या लसीने वाचले, आणि ह्याच देशात त्यांच्यावर एकोणीस माणसांच्या मृत्यूचा ठपका आला.

आमच्या मंडळ्यांतील कितीतरी मुली व मुलगे परिचारिकेचे काम करीत आहेत. कोणी इस्पितळात, कोणी सरकारी आरोग्य केंद्रात, कोणी खेड्यापाड्यांतील दवाखान्यात आहेत. रोगाचा जंतू ओळखणे, औषधाची मात्रा मोजणे आणि सुई-शिशी निर्जंतुक राखणे ही त्यांची रोजची कामे होत. ह्या तिन्ही गोष्टींना किती मोल आहे हे हाफकिन ह्यांच्या चरित्रातून जितके कळते तितके क्वचितच दुसऱ्या कोणाच्या चरित्रातून कळेल. म्हणून ह्या अंकात आम्ही त्यांची हकीकत सांगत आहोत.

वाल्डेमार मर्दखय हाफकिन ह्यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा शहरात झाला. हे शहर आज युक्रेन देशात आहे. त्या वेळी ते रशियाच्या झारच्या राज्यात होते. ओडेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. इल्या मेचनिकोव्ह हे तेथे त्यांचे गुरू होते. शरीरातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात हा शोध ह्या मेचनिकोव्ह ह्यांचा, आणि त्याबद्दल त्यांना पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

१८८१ साली झारचा खून झाला आणि त्याचे खापर यहूद्यांच्या माथी फोडण्यात आले. गावोगाव त्यांच्या घरादारांवर हल्ले होऊ लागले. ओडेसातील यहूद्यांनी आपल्या रक्षणासाठी तरुणांची एक तुकडी उभारली. तीत विद्यार्थी हाफकिन होते. त्यांना अटक झाली. गुरूंनी रदबदली केली म्हणून ते सुटले.

शिक्षण झाल्यावर त्यांना विद्यापीठात वरची जागा मिळण्यासारखी होती; पण तिला एक अट होती. त्यांनी आपला यहूदी धर्म सोडून रशियाच्या सरकारी मंडळीत बाप्तिस्मा घ्यावा, असे त्यांना सांगण्यात आले. हाफकिन ह्यांनी नकार दिला आणि प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयातील लहानशा नोकरीवर काही वर्षे काढली. आम्हां ख्रिस्ती लोकांना ही गोष्ट थोडी टोचणारी आहे, आणि ती टोचली पाहिजे. पगाराच्या बदल्यात देऊ केलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्म्याचाच अपमान होय. तो नाकारणाऱ्या तरुणाने आपल्या अंतःकरणाशी खोटेपणा केला नाही, एवढे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

१८८८ साली त्यांनी रशिया सोडला. काही काळ जिनिव्हात काढून १८८९ साली ते पॅरिसला गेले. तेथे लुई पाश्चर ह्यांच्या नव्या संस्थेत मेचनिकोव्ह आधीच दाखल झाले होते. परंतु प्रयोगशाळेत जागा रिकामी नव्हती. तेव्हा हाफकिन ह्यांनी ग्रंथालयातील साहाय्यकाचे काम पत्करले. पुस्तके लावावीत, उरलेल्या वेळी प्रयोग करावेत, असा त्यांचा क्रम होता.

त्या वेळी युरोपात व आशियात पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, धुमाकूळ चालला होता. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख ह्यांनी १८८३-८४ साली ओळखला होता. त्यावर लस मात्र नव्हती. हाफकिन ह्यांनी तो जंतू गिनीपिगच्या पोटात एकामागून एक असा पुष्कळ वेळा वाढवून अतिशय तीव्र केला. दुसरीकडे तोच जंतू उष्णता व खेळती हवा देऊन सौम्य केला. आधी सौम्य जंतूंची लस टोचावयाची आणि पाच-सहा दिवसांनी तीव्र जंतूंची, अशी ही पद्धत होती. पहिल्या लसीने शरीर सावध होते, म्हणून दुसरी सोसते.

जनावरांवर प्रयोग साधले. पण माणसांचे काय? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन ह्यांनी ती लस स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी दुखले, आणि मग ते बरे झाले. त्यानंतरच त्यांनी ती आपल्या काही मित्रांना टोचली आणि महिनाअखेर पॅरिसच्या विद्वानांपुढे हकीकत मांडली.

लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते व त्या वेळी पॅरिसमध्ये इंग्लंडचे राजदूत होते. पटकीचे मूळ घर बंगालात आहे, तेव्हा लसीची खरी परीक्षा तेथेच होईल, असे त्यांनी सुचविले. त्याप्रमाणे १८९३ च्या मार्च महिन्यात हाफकिन कलकत्त्यास उतरले.

येथे त्यांनी दोन वर्षांहून अधिक काळ गावोगाव फिरून काम केले. आग्रा, उत्तरेकडील लष्करी छावण्या, कलकत्त्याच्या गरीब वस्त्या, आसामातील चहाचे मळे, सर्वत्र ते गेले. लोक बुजत असत. गोऱ्या माणसाने अंगात सुई खुपसावी आणि ते रोग टाळण्यासाठी आहे असे म्हणावे, ह्यावर विश्वास कसा बसावा? हाफकिन ह्यांनी कोणावर जबरदस्ती केली नाही. कलकत्त्यात त्यांच्याबरोबर बंगाली डॉक्टर असत. आधी आपण व आपल्या सोबत्यांनी लोकांसमोर टोचून घ्यावे आणि मग जो खुशीने पुढे येईल त्यालाच टोचावे, असा त्यांचा परिपाठ होता. ह्या रीतीने १८९५ पर्यंत सुमारे ४२,००० लोकांना पटकीची लस दिली गेली. ह्या दगदगीत त्यांना हिवतापाने गाठले आणि प्रकृतीसाठी विलायतेस जावे लागले. १८९६ साली ते परत आले, तो मुंबईवर त्याहून मोठे संकट कोसळले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी पहिला प्लेगचा रोगी ओळखला. हे डॉक्टर मूळचे गोव्यातील हडफडे गावचे. तीव्र ताप, जांघेत किंवा काखेत गाठ, आणि थोड्याच दिवसांत मृत्यू, असा हा आजार होता. मुंबई ओस पडू लागली, आणि पळणाऱ्या लोकांबरोबर रोगही गावोगाव पसरला. पुढील काही दशकांत ह्या रोगाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. पुण्यात १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने निवर्तल्या. सरकारने घरोघर तपासण्या, सक्तीचे विलगीकरण, सामानाची जाळपोळ असे उपाय केले. लोक रोगापेक्षा सोजिरांना अधिक भिऊ लागले, आणि त्या संतापातूनच पुण्यात २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड ह्यांच्यावर गोळी झाडली गेली.

प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे येर्सिन ह्यांनी शोधला होता. तो उंदरांवरील पिसवांमार्फत माणसात येतो, हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमाँ ह्यांनी ते १८९८ साली कराचीत दाखविले. म्हणजे शत्रू कोण हे कळले होते, पण तो कोणत्या वाटेने घरात शिरतो हे अंधारातच होते. अशा वेळी लस हाच मोठा आधार होता.

७ ऑक्टोबर १८९६ रोजी हाफकिन मुंबईत दाखल झाले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व व्हरांडा मिळाला. मदतीस एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी रात्रंदिवस काम करून तीन महिन्यांत लस तयार केली.

जंतू वाढविण्यासाठी मांसाचा रस लागतो. युरोपात तो गाईच्या मांसाचा करीत. येथील हिंदू व मुसलमान लोकांच्या भावना ध्यानात घेऊन हाफकिन ह्यांनी बकऱ्याचे मांस वापरले. त्या रसावर त्यांनी आपल्या घरोघरी असणाऱ्या तुपाचे थेंब सोडले. तुपाच्या तवंगाखाली प्लेगचे जंतू एकमेकांना चिकटून झुंबरासारखे खाली लोंबत वाढतात. अशा रीतीने दुसरा जंतू प्लेगचाच आहे असा भ्रम होत नाही. पाहणाऱ्याला खूण पटते. मधून मधून भांडे हलवून ही झुंबरे खाली पाडावयाची व पुन्हा वाढू द्यावयाची. पाच-सहा आठवड्यांनी रस पुरेसा दाट झाला म्हणजे तो तापवून सर्व जंतू मारावयाचे आणि शेकडा अर्धा भाग कार्बॉलिक ॲसिड घालून शिशीत भरावयाचा. पटकीच्या लसीत जंतू जिवंत होते. ह्या लसीत ते मेलेले होते. मेलेला जंतू रोग देऊ शकत नाही, पण त्याची ओळख शरीराला पटते व ते प्रतिकाराची तयारी करून ठेवते.

आता मात्रेचा प्रश्न आला. मात्रा म्हणजे किती सी.सी. हे सांगितले की झाले, असे आपल्याला वाटते. परंतु दाट दुधाचा एक पेला आणि पाणी घातलेल्या दुधाचा एक पेला सारखे नसतात. एका भांड्यातील लस दाट, दुसऱ्यातील पातळ असेल, तर तितक्याच सी.सी. मध्ये औषध निराळेच जाणार. म्हणून हाफकिन लसीचा गढूळपणा ठराविक नमुन्याशी ताडून पाहात आणि टोचल्यावर किती ताप चढतो हेही नोंदवीत. मोठ्या माणसाला एक मात्रा, स्त्रियांना थोडी कमी आणि मुलांना वयाप्रमाणे त्याहून कमी, असे प्रमाण ठरले.

आजच्या परिचारिकेचे गणित ह्याच मुळावर उभे आहे. शिशीत ५ मिलिलिटर द्रवात ५०० मिलिग्रॅम औषध असेल आणि डॉक्टरांनी २०० मिलिग्रॅम लिहून दिले असतील, तर आधी एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम हे काढावे लागते, मग २ मिलिलिटर हे उत्तर येते. शिरेतून सलाइन लावतानाही तसेच. १००० मिलिलिटर ८ तासांत जावयाचे असेल आणि नळीतून २० थेंबांचा एक मिलिलिटर होत असेल, तर एकंदर २०,००० थेंब ४८० मिनिटांत सोडावयाचे. म्हणजे मिनिटास सुमारे ४२ थेंब. दशांशाचे टिंब एक घर सरकले तर मात्रा दसपट होते. आपल्या मुलांना गणिताचा कंटाळा येतो तेव्हा हे उदाहरण जरूर सांगावे.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन ह्यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली, तीही १० सी.सी. पुढे मोठ्या माणसास जी मात्रा देऊ लागले तिच्या ही तिप्पट-चौपट होती. फणफणून ताप आला, अंग ठणकले, पण ते कामावर जात राहिले. इतरांना द्यावयाच्या मात्रेपेक्षा कितीतरी अधिक आपण सोसून पाहावी, मगच दुसऱ्याच्या दंडाला हात लावावा, हा त्यांचा नियम होता.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी खुशीने तयार झाले त्यांनाच लस दिली गेली. काहींच्या अंगात रोग आधीच भिनला होता. ते त्याच दिवशी लागले व वाचले नाहीत. त्यांना वगळून पुढील हिशेब असा : लस न घेतलेल्या १७२ जणांत १२ जणांना प्लेग झाला व ६ मेले, लस घेतलेल्या १४७ जणांत दोघांना झाला व एकही मेला नाही. कोठडी एक, अन्न एक, हवा एक. फरक केवळ लसीचा होता.

त्यानंतर दमण येथे मोठी परीक्षा झाली. दमण त्या वेळी पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. १८९७ साली तेथे लस घेतलेल्या २,१९७ लोकांपैकी ३६ मेले. न घेतलेल्या ६,०३३ पैकी १,४८२ मेले. म्हणजे एकीकडे शंभरी दोनांहून कमी आणि दुसरीकडे शंभरी चोविसांहून अधिक. बडोदे संस्थानातील उंढेरा गावी १८९८ च्या फेब्रुवारीत घराघरातील निम्म्या माणसांना लस दिली होती. ज्या २८ कुटुंबांत पुढे प्लेग शिरला, त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३ मेले आणि न घेतलेल्या ६४ पैकी २६ मेले. बेळगावच्या बाजूस धारवाड-हुबळी भागातही त्याच वर्षी हजारोंनी लस घेतली. बडोद्याच्या किंवा बेळगावच्या आमच्या काही वाचकांच्या पणजोबा-पणजीने त्या रांगेत उभे राहून दंड पुढे केला असेल.

हाफकिन ह्यांचा दावा नेहमी मापात असे. लस घेतली म्हणजे प्लेग होणारच नाही, असे ते म्हणत नसत. लस घेतलेलेही काही दगावले, आणि तेही आकडे ते तितक्याच स्पष्टपणे छापीत.

खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान ह्यांनी स्वतः लोकांसमोर लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. त्यांच्या अनुयायांनी हजारोंनी लस घेतली. १८९९ च्या ऑगस्टमध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात प्लेग संशोधन प्रयोगशाळा उघडली. पोर्तुगीज काळात त्या जागी मठ व प्रार्थनामंदिर होते. हाफकिन तिचे मुख्य संचालक झाले. मागणी देशभरातून येऊ लागली, आणि ती भागविण्यासाठी त्यांनी लस करण्याच्या पद्धतीत काही फेरफार केले. कार्बॉलिक ॲसिड घालणे बंद करून निर्जंतुकपणासाठी त्यांनी उष्णतेवर भर दिला.

पंजाबात १९०२ साली प्लेगने कहर केला होता. तेथील गुजरात जिल्ह्यात त्या वेळी मलकोवाल नावाचे खेडे होते. ते आज पाकिस्तानात आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी त्या गावात १०७ माणसांना लस देण्यात आली. पाच शिश्या उघडल्या गेल्या. एक आठवडा गेला आणि माणसांचे जबडे आवळू लागले, अंग धनुष्यासारखे वाकू लागले. हा धनुर्वात होता. एकोणीस माणसे आजारी पडली आणि एकोणीसही मेली. ती सर्व एकाच शिशीतून टोचलेली होती. शिशीचा क्रमांक ५३-एन होता. इतर चार शिश्यांतून ज्यांना टोचले त्यांपैकी कोणालाही काही झाले नाही.

धनुर्वाताचा जंतू माती व शेण ह्यांत राहतो. त्याची बीजे कवचात बंद असल्यासारखी असतात. ती उन्हाने सुकत नाहीत, साध्या धुण्याने मरत नाहीत आणि वर्षानुवर्षे टिकतात. जेथे हवा पोहोचत नाही अशा खोल जखमेत ती रुजतात आणि जालीम विष तयार करतात. सुईने ती सरळ मांसात नेऊन ठेवली तर त्यांना हवी तशीच जागा मिळते.

मग ती बीजे शिशीत गेली कोठे? परळच्या प्रयोगशाळेत की मलकोवालच्या झाडाखाली? सरकारने चौकशी समिती नेमली. शिशी गावात उघडण्यापूर्वीच दूषित झाली होती, असा निष्कर्ष तिने काढला, आणि कार्बॉलिक ॲसिड वगळल्याचा ठपका ठेवला. हाफकिन ह्यांना कामावरून दूर करण्यात आले. १९०४ साली ते लंडनला निघून गेले. त्या वेळी इंग्रजी वैद्यकीय नोकरशाहीत त्यांच्याविषयी प्रेम नव्हतेच. हा परदेशी, यहूदी आणि डॉक्टरही नसलेला माणूस एवढ्या मोठ्या जागी कसा, ही बोच अनेकांना होती.

परंतु चौकशीतील साक्षींत एक गोष्ट नोंदली गेली होती. शिशीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो कार्बॉलिकच्या पाण्यात नुसता खळबळला आणि त्यानेच बूच काढले. धनुर्वाताची बीजे अशा क्षणभराच्या बुडविण्याने मरत नाहीत. शिवाय ती शिशी भरून ४१ दिवस झाले होते. इतके दिवस हे जंतू आत वाढत असते तर शिशीला दुर्गंधी सुटली असती. टोचणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. आणि तयार झालेले विष अंगात गेले असते तर लक्षणे लवकर दिसली असती. ती दिसली आठवड्याने, म्हणजे ताजी बीजे अंगात जाऊन रुजावयास जितका वेळ लागतो तितक्याच वेळाने. राहिला प्रश्न वगळलेल्या कार्बॉलिकचा. शेकडा अर्धा भाग कार्बॉलिकने धनुर्वाताची बीजे मरत नाहीत, तेव्हा ते घातले असते तरी ही माणसे वाचली असती असे म्हणता येत नाही.

हिवतापाचा प्रसार डासामुळे होतो हे ज्यांनी सिद्ध केले ते रोनाल्ड रॉस ह्यांनी आणि लंडनचे प्राध्यापक विल्यम सिम्पसन ह्यांनी हाफकिन ह्यांची बाजू उचलून धरली. २९ जुलै १९०७ च्या लंडनच्या टाइम्स पत्रात दहा नामांकित जंतुशास्त्रज्ञांनी सह्या करून जाहीर केले की, दोष प्रयोगशाळेचा होता हे मुळीच सिद्ध झालेले नाही, उलट शिशी उघडतानाच ती दूषित झाली असा भक्कम पुरावा आहे. शेवटी त्या वर्षाअखेरीस सरकारने त्यांना दोषमुक्त केले.

पाच वर्षांनी न्याय मिळाला. गेलेली वर्षे मात्र मिळाली नाहीत. हाफकिन पुन्हा हिंदुस्थानात आले तेव्हा परळची जागा दुसऱ्याकडे होती. त्यांना कलकत्त्यास एका प्रयोगशाळेचे प्रमुख नेमण्यात आले. परंतु नव्या लसी माणसांवर वापरून पाहण्याची मोकळीक त्यांना राहिली नाही. ज्यांनी दोन रोगांवर लस दिली त्यांच्याकडून तिसरीची अपेक्षा करावयास हवी होती, त्यांना लेखनात व लहानसहान संशोधनात दिवस काढावे लागले. १९१४ साली ते निवृत्त होऊन युरोपास परतले.

उतारवयात ते आपल्या पूर्वजांच्या धर्माकडे अधिक निष्ठेने वळले, त्याविषयी लिहू लागले आणि पूर्व युरोपातील यहूदी धर्मशिक्षणाच्या शाळांसाठी आपली मिळकत ठेवून गेले. त्यांनी लग्न केले नव्हते. १९२५ साली मुंबईच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. तोपर्यंत मुंबईतून प्लेगच्या लसीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आज प्लेग झाल्यास तो स्ट्रेप्टोमायसीनसारख्या प्रतिजैविकांनी बरा होऊ शकतो, मात्र ती वेळेवर दिली गेली पाहिजेत. आणि धनुर्वाताची लस गरोदर मातांना व बाळांना दिली जाते. हाफकिन ह्यांची तुपाखाली वाढविलेली लस आता वापरात नाही. तरीही त्यांच्या आयुष्याने शिकविलेला धडा जुना झालेला नाही. मोठे शास्त्र, मोठी प्रयोगशाळा, हजारो मैलांचा प्रवास हे सर्व झाल्यावर औषध शेवटी एका माणसाच्या हातात येते. त्या हातातून पडलेला चिमटा एकोणीस घरे उजाड करू शकतो. मलकोवालचा तो मदतनीस दुष्ट नव्हता. उन्हात रांग थांबली होती, घाई होती, आणि एवढ्याने काय होते असे त्याला वाटले असावे. आपल्या प्रत्येकाच्या कामात असा एक क्षण येतो.

म्हणून आमच्या परिचारिका भगिनींना व बंधूंना आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो की, रोगी तोच ना, औषध तेच ना, मात्रा तीच ना, देण्याची वाट तीच ना, वेळ तीच ना, ही पाच प्रश्नांची उजळणी कंटाळवाणी वाटली तरी सोडू नये. खाली पडलेली वस्तू बाजूला ठेवावी आणि दुसरी निर्जंतुक वस्तू घ्यावी. शिशीचा क्रमांक लिहून ठेवावा. मलकोवालला तो लिहिलेला होता, म्हणूनच एकोणिसांचे दुखणे एकाच शिशीपर्यंत पोहोचविता आले. चूक झाली तर ती लपवू नये. लपविलेल्या चुकीचा भार निरपराध माणसावर पडतो.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना मुलांपुढे ठेवण्यासाठी ह्या चरित्रात दोन आज्ञांचा विषय आहे. एक खऱ्या मापाची : बाजारातील वजन असो की पिचकारीतील औषध, माप खरेच असले पाहिजे. दुसरी खोट्या साक्षीविषयीची : पुरता पुरावा पाहण्याआधी कोणाला दोषी ठरविणे हेही शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासारखेच आहे. मंडळीत, घरात, गावात आपण हे किती सहज करतो! रॉस व सिम्पसन ह्यांच्यासारखी, साक्षीचे कागद पुन्हा काढून वाचणारी माणसे प्रत्येक मंडळीत असावीत.

मलकोवालच्या एकोणीस माणसांची नावे आज फारशा कोणाला ठाऊक नाहीत. त्यांनीही विश्वासाने दंड पुढे केला होता. हाफकिन ह्यांचे स्मरण करताना त्यांचेही करावे, आणि ज्यांच्या हाती आज सुई आहे त्या सर्वांसाठी प्रार्थना करावी.